पूर्वेकडच्या पायऱ्या

आवडाबाईंना फुटबॉलचा नाद लागला तो नवऱ्यामुळं, आणि एकदा लागल्यावर तो नवऱ्याच्याही आवाक्यात राहिला नाही.

माहेर देवगाव रंगारीचं. लग्न होऊन त्या बजाजनगरात आल्या तेव्हा मोतीराम वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. एका खोलीचा संसार. सुट्टीच्या दिवशी मोतीराम सायकल पुसायला लागले की आवडाबाईंना कळायचं, आज हे काही घरी थांबत नाहीत. छावणीच्या अंगाला पागेचं मैदान होतं. तिथं खाम स्पोर्टिंगच्या मॅची व्हायच्या. खाम म्हणजे आपली नदी, आणि खाम स्पोर्टिंग म्हणजे आपल्या शहराचा संघ, एवढं मोतीरामांनी सांगितलेलं. एक दिवस आवडाबाई म्हणाल्या, "एवढं काय असतंय तिथं? मला बी दाखवा की."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"तुमाला काय पाळण्यातच कळत व्हतं?"

मोतीरामांनी त्यांना कॅरिअरवर बसवून नेलं. मैदानाच्या पूर्वेला मातीचा उतार होता, त्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. आवडाबाईंनी एकच विचारलं, "आपले कोणते?" मोतीराम म्हणाले, "पोपटी सदऱ्यातले." तेवढ्यावर त्यांचं भागलं. ऑफसाइड म्हणजे काय हे कळायला पुढं दोन पावसाळे गेले, पण पोपटी सदरेवाल्याच्या पायातून चेंडू निसटला की हात कपाळावर जायचा तो पहिल्याच दिवसापासून.

पुढं मोतीराम कंटाळले तरी या जायच्या. डब्यांचा धंदा सुरू केला होता. कारखान्यातली सडी पोरं दोन वेळचं त्यांच्याकडं जेवायची. मॅचच्या दिवशी डबे लवकर पोचते करून त्या निघायच्या. आधी एकट्या, मग शेजारची तनुजा, मग पिठाच्या गिरणीमागच्या चतुराबाई आणि त्यांच्या दोन सुना. असं करता करता बजाजनगरातल्या बायांचा एक आख्खा टेम्पो पागेच्या मैदानावर यायला लागला. टेम्पो भाजीवाल्याचा, त्यामुळं येताना सगळ्यांच्या लुगड्यांना कोथिंबिरीचा वास. फाटकाशी एक टेबल, टेबलावर तिकिटांचं पुडकं. वीस रुपये, बायांना दहा. घरून भाकरी-ठेचा न्यावा, भुईमुगाच्या शेंगा न्याव्यात, कुणी अडवत नव्हतं. बन्सी नावाचा एक माणूस हलगी घेऊन यायचा आणि मॅच संपेपर्यंत ती खाली ठेवायचा नाही.

बाया येऊ लागल्या तशा पुरुषांच्या तोंडातल्या शिव्याही जरा आवरल्या. एखादी सुटलीच तर आवडाबाई मागं वळून नुसत्या बघायच्या.

चाहत्यांचं एक मंडळ होतं, त्याचे अध्यक्ष श्रीधरराव. राहायला उस्मानपुऱ्यात, बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, शुद्ध बोलणारे, पांढऱ्या सदऱ्यावर पोपटी रुमाल गळ्यात. माईकवर तेच असायचे. बायांसाठी दहा रुपये तिकीट त्यांनीच भांडून करून घेतलं होतं. आवडाबाईंना ते ताई म्हणायचे आणि त्या त्यांना भाऊ. नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं ते. मोतीरामांचा हात प्रेसमध्ये सापडला आणि दोन बोटं गेली, तेव्हा कंपनीत, दवाखान्यात, भरपाईच्या कचेरीत श्रीधरराव स्वतः हेलपाटे घालत होते. आवडाबाईंना कचेरीची भाषा यायची नाही. त्या बाकावर बसायच्या आणि श्रीधरराव आत जाऊन यायचे. बाहेर आले की म्हणायचे, "झालं ताई, काळजी करू नका." आणि खरंच झालेलं असायचं.

पूर्वेकडच्या पायऱ्या याच मंडळानं बांधल्या. पावसात मातीचा उतार घसरडा व्हायचा, माणसं पडायची. क्लबाकडं पैसा नव्हता. मग एका उन्हाळ्यात सगळे राबले. पुरुषांनी खोदलं, बायांनी घमेल्यानं माती वाहिली, कुणाच्या ओळखीनं शहाबादी फरशी आली. आवडाबाईंचा धाकटा दीर गवंडी, त्यानं मजुरी घेतली नाही. काम झालं त्या दिवशी सगळ्यांनी त्याच पायऱ्यांवर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. समोर मॅच नव्हती, मैदान मोकळं होतं, तरी माणसं अंधार पडेपर्यंत उठेनात.

ही सगळी बरी वर्षं. त्यानंतर क्लबाची घडी विस्कटत गेली. खेळाडूंचे पगार थकले, चांगली पोरं पुण्या-कोल्हापूरला निघून गेली. एका हंगामात तर पाहुण्या संघाला बसवून ठेवून पंचाच्या मानधनासाठी वर्गणी काढावी लागली. अशात पुण्याची एक कंपनी आली. म्हणाली, क्लब आम्हाला द्या, आम्ही मोठा करतो. आता क्लब होता सभासदांचा, आणि सभासद म्हणजे हीच सगळी मंडळी, बायासुद्धा. सभेत हात वर झाल्याशिवाय क्लब देता येत नव्हता.

तनुजा पहिल्यापासून विरोधात होती. "कंपनी आली का आपल्याला भाईर काढतीन बघ," ती म्हणायची. "मॉलमधी जाऊन आलीस का कधी? तसं व्हईल." बायांना ते पटत होतं. टेम्पोत तेवढीच चर्चा.

सभेच्या आदल्या आठवड्यात श्रीधरराव बजाजनगरला आले. आवडाबाई भाजी निवडत होत्या, उठून त्यांनी चहा ठेवला. श्रीधररावांनी कप हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, बायकांची मनं वळवायला हवीत. तुमच्याशिवाय ते कुणाला जमणार नाही."

"पण भाऊ, तनुजा म्हणते तसं झालं तर?"

"काही होणार नाही. मी बोललोय त्यांच्याशी. पायऱ्यांना हात लागणार नाही, बायकांचं तिकीट आहे तेच राहील."

"तसं लिहून घेतलंय का त्यांच्याकडून?"

श्रीधररावांनी कप खाली ठेवला. "ताई, माझ्या शब्दावर भरवसा नाही का तुमचा?"

आवडाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं आपल्या नवऱ्यासाठी चपला झिजवल्या, त्याला आपण लिहून घेतलं का म्हणून विचारतो? त्या म्हणाल्या, "तसं नाय हो भाऊ. बाया विचारतीन म्हणून म्हणलं." आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. हातात माईक धरायची सवय नव्हती. श्रीधररावांनीच तो त्यांच्या तोंडापुढं धरला. त्या म्हणाल्या, "संघ जगला तर आपण जगू. पायऱ्या राहतीन, तिकीट राहीन. मी सांगते तुमाला. माझ्यावर भरवसा ठेवा." चतुराबाईंनी सगळ्यांत आधी हात वर केला. मग त्यांच्या सुनांनी, मग एकेक करत सगळ्या बायांनी. तनुजानं आवडाबाईंकडं बघितलं, जरा थांबली, आणि तिनंही केला. ठराव बायांच्या मतांवर पास झाला, हे सगळ्यांनी बघितलं.

उन्हाळ्यात मैदानाला पत्रे लागले. आत जेसीबी चालतो म्हणून कुणीतरी सांगितलं. आवडाबाईंनी फोन केला तर श्रीधरराव म्हणाले, "डागडुजी आहे ताई. वर छप्पर येणार, उन्हात बसायला नको." आवडाबाईंनी तेच बायांना सांगितलं. छप्पर येणार म्हणून चतुराबाई खूश झाल्या, त्यांना उन्हाचा त्रास व्हायचा.

पत्रे निघाले तेव्हा पायऱ्या नव्हत्या. पूर्वेला निळ्या खुर्च्यांची रांगच रांग, मागं काचेची खोली, वर खरोखरच छप्पर. संघाचा सदरा पोपटी राहिला नव्हता, निळा झाला होता. तिकीट आता टेबलावर मिळत नव्हतं, मोबाईलवर काढायचं. सगळ्यांत स्वस्त साडेतीनशेचं, ते गोलच्या मागच्या कोपऱ्यातलं. पूर्वेकडचं कितीला हे तनुजाच्या भाच्यानं फोनवर बघितलं आणि सांगायच्या आधी हसला. बायांचं वेगळं तिकीट नव्हतंच. घरचं खाणं आत न्यायचं नाही, पाण्याची बाटली न्यायची नाही, वाद्य न्यायचं नाही. बन्सीला फाटकावरच्या पोरानं हलगीसकट परत पाठवलं. तो म्हणे हलगी पोत्यात घालून चालत स्टेशनपर्यंत गेला.

बजाजनगरातल्या बायांनी हिशोब काय करायचा? कुणी धुणीभांडी करणारी, कुणी घरी बसून बेअरिंगच्या डब्या भरणारी. घरातल्या दोघींनी मॅच बघायची म्हणजे महिन्याचा किराणा अर्ध्यावर आणायचा. टेम्पो बंद पडला. कुणी भांडायला आलं नाही, पण गिरणीत आवडाबाई गेल्या की चाललेलं बोलणं थांबायला लागलं.

श्रीधररावांचा फोन लागत नव्हता. लागला तर ते बैठकीत असायचे. आणि पुढच्या मॅचच्या आधी ते स्वतःच आले. फितीत अडकवलेला पास घेऊन.

"ताई, तुम्ही यायचंच. अगदी पुढच्या रांगेत जागा ठेवलीय. मंडळाचा मान आहे तुमचा."

"एकीलाच?"

"सध्या एकच मिळालाय. पुढं बघू."

"भाऊ, पायऱ्या गेल्या. तिकिटाचं हे असं झालं. बाया मला काय म्हणत असतीन?"

श्रीधररावांनी मान हलवली. "माझंही काही चाललं नाही ताई. ऐन वेळी वरून निर्णय फिरला. मलाही धक्काच बसला. तुम्ही या, साहेबलोक असतील, तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ द्या."

मोतीराम म्हणाले, जाऊ नको. पण आवडाबाईंना वाटलं, भाऊचाही घात झालाय, त्याच्या पाठीशी उभं राहायला पाहिजे, आणि साहेबांना दोन शब्द सांगता आले तर तेवढंच. त्या गेल्या. बसनं, एकट्या.

जागा खरंच पुढची होती. खुर्ची मऊ होती, आणि मैदान इतकं जवळ की चेंडूला लाथ बसल्याचा आवाज यायचा. शेजारी श्रीधररावांची सून मृण्मयी बसली होती. मुलगी बोलकी, मनानं साधी. एका शाळेत शिकवायची. तिनं आवडाबाईंना कॉफी आणून दिली, कुठून आलात, कशा आलात विचारलं. आवडाबाई समोर बघत होत्या. निळ्या सदऱ्यातले धावत होते, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा खुर्च्यांखालच्या काँक्रीटकडं जायची. इथंच कुठंतरी चतुराबाई बसायच्या.

मृण्मयी म्हणाली, "छान झालंय ना, मावशी? आधी कागदावर बघितलं होतं तेव्हा नुसत्या रेघा होत्या. मला वाटलं होतं, असं काही आपल्याकडं होणार नाही."

"कागदावर कधी बघितलं?"

"ते कंपनीचे लोक आमच्याकडं जेवायला आले होते ना. टेबलावर आख्खा नकाशा पसरला होता, मला पानं वाढायला जागा नव्हती. बाबांनी तेव्हाच विचारलं, या पायऱ्यांचं काय? ते म्हणाले, जाणार. बाबा जरा खट्टू झाले होते. पण मग म्हणाले, ठीक आहे, लोकांना मी सांभाळतो."

"हे सभेच्या आधी का नंतर?"

"आधी. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं त्या आठवड्यात, माझ्या चांगलं लक्षात आहे. सभा तर त्याच्या बरीच नंतर झाली." मृण्मयीनं त्यांच्याकडं बघितलं. "काय झालं, मावशी? कॉफी कडू आहे का?"

आवडाबाई म्हणाल्या, "नाय बाई. बरी हाय."

त्यांना आता समोरचं काही दिसत नव्हतं. चहाचा कप खाली ठेवून 'माझ्या शब्दावर भरवसा नाही का' म्हणणारा माणूस तेवढा दिसत होता. तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आपण लाजून मान खाली घातली ती कुणापुढं?

मध्यंतर झालं. श्रीधरराव काचेच्या खोलीच्या दारात उभे होते. सदऱ्यावर कंपनीचा बिल्ला, त्यावर त्यांचं नाव आणि खाली 'चाहते संपर्क प्रमुख'. आवडाबाईंना बघून ते हसले.

"काय ताई, कसं वाटतंय?"

"भाऊ, नकाशा तुमच्या घरी बघितला व्हता तुमी. सभेच्या आधी."

हसू तिथंच राहिलं. त्यांनी आत बघितलं, दार ओढून घेतलं आणि बाजूला आले. "कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना. खरं हाय का?"

श्रीधररावांनी बंद दाराकडं एकदा वळून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगितलं असतं तर तुम्ही सभेत बोलला असता का? तुम्ही बोलला नसता तर ठराव पडला असता. आणि ठराव पडला असता तर आज ही मॅच नसती, संघ नसता. पोरांचे पगार किती थकले होते, तुम्हाला माहीत आहे."

"व्हय. ठाऊक हाय."

"मग? वाचवलाच ना मी क्लब?"

"मंग मला तसं सांगायचं व्हतं. म्हणायचं व्हतं, आवडाताई, पायऱ्या जाणार, तिकीट वाढणार, तरी संघ वाचवायचा का ते तुमी बाया ठरवा. आमी रडलो असतो, भांडलो असतो, आणि कदाचित हात वर बी केला असता. तुमी विचारलंच नाय. माझ्या तोंडापुढं माईक धरला आणि माझ्याकडून खोटं वदवून घेतलं."

"माझा हेतू वाईट नव्हता, ताई."

"मृण्मयीला असं उभं केलं असतं का तुमी, माणसांपुढं खोटं बोलायला?"

श्रीधररावांचा हात बिल्ल्यावर गेला. त्यांचे डोळे भरले होते, ते आवडाबाईंना दिसलं. म्हणूनच त्यांना जास्त राग आला. मोतीरामांच्या वेळी हाच माणूस कचेरीतून बाहेर येऊन असाच समोर उभा राहायचा. तेव्हाचं सगळं खरं होतं. ते खोटं ठरवता येत नव्हतं आणि आजचं गिळता येत नव्हतं.

त्या फाटकाकडं चालू लागल्या. मागं शिट्टी झाली, दुसरा अर्धा भाग सुरू झाला. इतक्या वर्षांत मॅच अर्ध्यावर सोडून त्या कधी उठल्या नव्हत्या. फाटकावरच्या पोरानं सांगितलं, "मावशी, बाहेर गेलात तर परत आत येता येणार नाही." त्या बाहेर पडल्या.

बजाजनगरच्या थांब्यावर उतरल्या तर समोर तनुजा, हातात दुधाची पिशवी. तिची नजर आधी गळ्याकडं गेली. पास तसाच लटकत होता, काढायचं भानच राहिलं नव्हतं.

"जाऊन आलीस व्हय," तनुजा म्हणाली.

आवडाबाईंनी तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता पास काढून मुठीत चुरगळला. तनुजानं दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं हे मला पटतंय. मी वळखते तुला. पण बाकीच्यांना कसं पटवू? पुढच्या रांगंत बसून आलीस तू."

दुसऱ्या दिवशी आवडाबाई स्वतःच घरोघर गेल्या. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी चहा केला आणि विषय बदलला. चतुराबाई ओट्यावर बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "श्रीधर कोण, मी वळखत नाय. त्याच्या शब्दावर मी हात वर केला नव्हता, पोरी. तुझ्या शब्दावर केला." त्या रागावून बोलल्या नाहीत. आवडाबाई उठून घरी आल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. मोतीराम जवळ बसून राहिले. जाऊ नको म्हणालो होतो, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

हंगाम सरला. तनुजा महिनाभरानं पूर्वीसारखी यायला लागली. चतुराबाईंच्या सुना रस्त्यात बोलायच्या, घरी मात्र येत नसत. खुर्च्या भरत नव्हत्या, असं कानावर यायचं. नवलाईचे लोक दोन-चार मॅचींना आले आणि मग यायचे थांबले.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर श्रीधरराव पुन्हा दारात. वाळलेले दिसले. आवडाबाईंनी त्यांना आत घेतलं, चहा ठेवला. दाराशी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणं त्यांना जमत नव्हतं.

"पहिल्या मॅचला टीव्हीवाले येणार आहेत," श्रीधरराव म्हणाले. "कंपनी बायकांना फुकट सोडायला तयार आहे. बसही पाठवेल. तुम्ही एक शब्द टाकला तर..."

"फुकट एकच मॅच ना?"

"सध्या एकच."

"बायांना विचारा. घरं ठाऊक हायती तुमाला. मी नको म्हणणार नाय, या बी म्हणणार नाय. माझ्या तोंडानं आता काय व्हायचं नाय, भाऊ."

भाऊ हा शब्द सवयीनं निघून गेला. तो ऐकून श्रीधररावांनी मान वर केली, पण आवडाबाई पातेल्याकडं वळल्या होत्या. ते उठले. चहा अर्धाच प्यायले होते.

ते घरोघर गेले, आणि बऱ्याच बाया तयार झाल्या. का नाही होणार? चार पैसे न मोडता मॅच बघायला मिळत होती. तनुजाही गेली. संध्याकाळी परत आली ती थेट आवडाबाईंच्या ओट्यावर टेकली.

"फुकट व्हतं म्हणून गेले," ती म्हणाली. "राग नाय ना?"

"कशाचा राग?"

"हातात निळे झेंडे दिले. क्यामेरा आला का हलवा म्हणायचे, गेला का खाली ठेवा." तिनं पाय लांब केले. "चतुराबाई झोपून गेल्या खुर्चीत."

आवडाबाई डब्यात भाजी भरत होत्या. आणखी दोन डबे भरून झाले. मग हात न थांबवता, तनुजाकडं न बघता त्यांनी विचारलं, "जिंकले का?"

"दोन-एक. दुसरा गोल शेवटाला झाला."

"कुणी केला?"

तनुजाला नाव सांगता येईना. पोरगा नवा होता, बाहेरगावचा. आवडाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. आपण विचारलं याचाच त्यांना राग आला होता, आणि नाव कळलं नाही म्हणून मनातून हळहळही वाटत होती.